तीन गोल आणि उजवं दार

सर्व नातेवाइकांना, स्नेह्यांना आणि आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मला अडवून चौकशी करणाऱ्या मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दुबईत झालेल्या आइस हॉकीच्या सामन्याला मी पहिल्या शिटीपासून शेवटच्या भोंग्यापर्यंत हजर होतो. त्या सामन्यात एकूण तीन गोल झाले. आणि त्यांतला एकही मी पाहिलेला नाही. याबद्दल आमच्या सौ. ज्या निरनिराळ्या आवृत्त्या फोनवरून प्रसृत करत आहेत, त्यांना आळा बसावा म्हणून खरा वृत्तांत मीच देऊन टाकतो.

आम्ही राहतो दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला. इथे संध्याकाळी समुद्रावर जाणं आणि समुद्रावरून परत येणं अशा दोन करमणुकी आहेत. अशा ठिकाणी अठ्ठावीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाचा बर्फावरच्या हॉकीशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो आणला आमच्या मुलीने. तन्वी इथेच जन्मली, इथेच वाढली, दुबईत नोकरीला लागली आणि त्याच ऑफिसात तिला रायन लोपीस भेटला. घराणं मूळ वसईचं. मुलगा घरी आला, पापलेट काट्यापर्यंत स्वच्छ खाल्लं, ताट स्वतः उचललं. मंगलचा, म्हणजे आमच्या सौ.चा, होकार दहा मिनिटांत झाला. माझा बाराव्या मिनिटाला झाला. (मधली दोन मिनिटं तिचा झालाय की नाही ते बघण्यात गेली.)

राहिले फक्त रायनचे वडील.

लोपीससाहेब विधुर. दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका शीतगृहात गोठवलेल्या मासळीच्या खोक्यांमध्ये, उणे अठरा अंशांवर, त्यांनी पंचवीसेक वर्षं काढलेली. त्यांचा पहिला साहेब कॅनडाचा होता, त्याने त्यांना या खेळाचं वेड लावलं. चर्च की मंगल कार्यालय, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांची तक्रार एकूण मानवजातीबद्दल होती. त्यांचं म्हणणं, हल्ली माणसांत धीर उरलेला नाही. सगळ्यांना दर मिनिटाला काहीतरी घडायला हवं. जो माणूस शून्य-शून्यवर अडकलेली आइस हॉकीची मॅच बसल्या जागेवरून शेवटपर्यंत बघू शकतो, त्याच्याशी नातं जोडायला आपली हरकत नाही. योगायोगाने परदेशातले दोन व्यावसायिक संघ दुबईत खेळायला येत होते, एक निळा आणि एक लाल. लोपीससाहेब जन्मजन्मांतरीचे निळे. त्यांनी पाच तिकिटं काढली आणि आमची परीक्षा ठरली.

गाडीत तन्वीने मला पढवलं. "बाबा, प्लीज. डोंट से बोअरिंग. डोंट चेक युअर फोन. अँड नो क्रिकेट."

मी म्हटलं, क्रिकेटचा विषय कशाला काढीन? मंगल मागून म्हणाली की हे माणसाच्या तेराव्यालाही क्रिकेटचा विषय काढतात.

बाहेर चव्वेचाळीस अंश होते, म्हणून मी पातळ अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि चपला घालून गेलो. आत पाऊल टाकलं आणि लक्षात आलं की बर्फावरचा खेळ बर्फावर खेळतात. तिसऱ्या मिनिटाला माझ्या पायाच्या बोटांनी माझ्याशी संबंध तोडले. मंगलने पर्समधून शाल काढून स्वतः गुंडाळली आणि माझ्या डोक्यावर, न विचारता, माकडटोपी चढवली. व्याह्यांची आणि माझी पहिली भेट त्या वेषात झाली. लोपीससाहेब बुशशर्टात होते आणि रुमालाने कपाळावरचा घाम टिपत होते.

खेळ सुरू झाला. दहा-बारा अगडबंब माणसं एकमेकांच्या अंगावर धडका देत होती, पण कशासाठी ते मला दिसेना. तन्वीने बोट दाखवलं: एक रबराची चपटी काळी चकती, तळहाताएवढी. मी ती शोधायला लागलो. मी डावीकडे बघावं तर ती उजवीकडे, उजवीकडे बघावं तर ती कुणाच्या तरी पायात. पंधरा मिनिटं झाली, गोल नाही. क्रिकेटमध्ये एवढ्यात... (मी गप्प बसलो.)

शेवटी निव्वळ कुतूहलापोटी विचारलं, "लोपीससाहेब, गोल साधारण कितव्या मिनिटाला होतो?"

त्यांनी शीतगृहाचं दार उघडल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "झाला तर होतो."

आता हे सावरायला हवं होतं. मी म्हटलं, सगळ्यांसाठी कडक चहा घेऊन येतो. मुलीकडच्यांनी काहीतरी करायला नको का? डाव्या दाराने बाहेर गेलो, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पाच कप घेऊन परत फिरलो, आणि आतून छप्पर उडाल्यासारखा आवाज आला. दारावरचा नेपाळी सुरक्षारक्षक मला आत सोडेना. खेळ चालू असताना कुणाला आत सोडायचं नाही, असा इथला नियम. शिटी वाजल्यावर आत गेलो तर फलकावर लालच्या नावापुढे एक.

तन्वी म्हणाली, "बाबा, यू मिस्ड द गोल." मी तिची दहावीची परीक्षा चुकवली असावी, असा सूर होता. लोपीससाहेबांनी कप घेतला आणि नजर पुन्हा बर्फावर लावली. मंगलने आपला कप माझ्याकडे सरकवला. तोही मीच प्यायलो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या खेळाचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. दुसरा सुरू झाला तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता छत कोसळलं तरी उठायचं नाही. बसलो. गोल होईना. पण एक प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, आणि तो मी अखेर विचारला. एवढी हजारो माणसं, एवढा आरडाओरडा, आणि तासाभरात जेमतेम एखादा गोल; मग ही सगळी बघतात तरी काय?

रायनने डोळे मिटले. तन्वीने माझा दंड धरला. पण लोपीससाहेब पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बसले.

"गोल बघायला कोणीही येईल हो, सावंतसाहेब. मी येतो तो होता होता राहतो ते बघायला. तुम्ही चकती सोडा. तो गोलकीपर बघा."

मी बघितलं. गाद्या-उशा बांधलेला तो माणूस दर थोड्या वेळाने मागे न बघता आपल्या काठीने जाळीचा एक खांब ठोकत होता, मग दुसरा. लोपीससाहेब म्हणाले, घर कुठे आहे ते चाचपून बघतोय. वीज गेल्यावर आपण हात लावून भिंत शोधतो ना, तसं. आणि खरंच, चारजण त्याच्या अंगावर धावून आले, चकती सुटली, मला दिसलीसुद्धा नाही, आणि त्याने हातमोजा उघडला तर आत ती! माझ्या तोंडून "अरे वा" निघून गेलं. पुढची दहा मिनिटं गोल झाला नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. लोपीससाहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघून मान हलवली. तन्वीची पकड सैल झाली. परीक्षा बहुतेक निघत होती.

आणि तेव्हा दोन कप चहा आणि बर्फाची थंडी यांनी हातमिळवणी केली.

मी थांबलो. पाय एकमेकांवर टाकले, काढले, पुन्हा टाकले. शेवटी मंगलनेच सांगितलं, जाऊन या, नाहीतर भलतंच काहीतरी गोठेल. या वेळी उजव्या दाराने गेलो, कारण स्वच्छतागृह त्या बाजूला होतं. जेमतेम कार्यभाग सुरू झाला असेल, तोच भिंती हादरल्या. मी सिमेंटच्या छताकडे बघून हात जोडणार होतो, पण हात मोकळे नव्हते.

परत आलो तर फलकावर एक-एक. निळ्यांनी गोल केला होता आणि लोपीससाहेब उभे होते. माझीच वाट बघत होते.

"मघाशी चहाला गेलात ते कुठल्या दाराने?"

"डाव्या."

"आणि आत्ता?"

"उजव्या."

ते गप्प झाले. ती शांतता मी ओळखली. आपल्या घराघरांत क्रिकेटच्या वेळी पसरते ती हीच. कोणी पाणी प्यायला उठलं आणि विकेट पडली की तो माणूस पुढची दहा षटकं स्वयंपाकघरातच. एका अंतिम सामन्याची शेवटची सात षटकं मी जिन्यात बसून काढलेली आहेत, आणि एका भागीदारीसाठी मंगल लाटणं हातात धरून तब्बल पाऊण तास ओट्याशी उभी होती. (पोळी जळली. सामना जिंकला.) मी हे बोलून गेलो आणि मग आठवलं की क्रिकेटला बंदी होती. तन्वीने कपाळाला हात लावला.

पण लोपीससाहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, वसईला त्यांच्या धाकट्या भावाला सगळे मिळून केळीच्या वाडीत नेऊन बसवायचे. तो घरात असला की आपली फलंदाजी कोसळायची. बिचाऱ्याने एक अख्खी मालिका केळींमध्ये काढली.

"डॅड, सिरियसली?" रायन म्हणाला.

"तू गप्प बस."

तिसऱ्या भागात सहा मिनिटं उरली. एक-एक. आता मी खुर्चीच्या कडेवर होतो. चकती मला अधूनमधून दिसायला लागली होती! या वयात माणसाला नवीन काही दिसायला लागणं किती दुर्मीळ, ते चष्म्याचा नंबर वाढलेल्यांना कळेल. मला हा गोल बघायचा होता. अगदी मनापासून बघायचा होता. तेवढ्यात कानाशी हळू आवाज आला.

"सावंतसाहेब, तुम्हाला पुन्हा जायचं नाही का?"

मी म्हटलं, नाही हो, आता बरं आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. मंगलने मला कोपराने ढोसलं. मी पेचात पडलो. उठलो तर धीराच्या परीक्षेत नापास, नाही उठलो तर निळ्यांचं नुकसान. शेवटी सरळच विचारलं, की बसल्या जागेवरून शेवटपर्यंत बघण्याचं काय?

"त्यात तुम्ही पास," लोपीससाहेब घाईने म्हणाले. "उजव्या दाराने जा. यल्ला, निघा लवकर."

अशा रीतीने मुलीच्या सुखासाठी एक बाप माकडटोपी घालून निघाला. त्या दारावरच्या सुरक्षारक्षकाने मला ओळखलं आणि हळहळत म्हणाला, "सर, फिर से?" मी मान डोलावली. दोन मिनिटं झाली, आतून आवाज नाही. मंगलला फोन लावून विचारलं काय चाललंय. ती म्हणाली, काही नाही, पळतायत. कोण पळतंय विचारलं तर म्हणाली, सगळेच. मग फोन लोपीससाहेबांनी घेतला.

"कुठे आहात?"

"दाराशी."

"मागच्या वेळी दाराशी होतात का? काय करत होतात तेव्हा?"

"लोपीससाहेब, तुम्हाला माहीत आहे मी काय करत होतो."

"मग तेच करा."

गेलो. करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, पण संबंधित जागी, संबंधित दिशेला तोंड करून, पूर्ण निष्ठेने उभा राहिलो. सुरक्षारक्षक मागोमाग आला आणि डॉक्टरला बोलावू का म्हणून विचारू लागला. त्याला काय सांगावं याचा विचार करत असतानाच जमीन हादरली. मी धावलो, तोही धावला, आणि दाराशी पोचल्यावर त्यानेच मला अडवलं: खेळ चालू आहे. शिटी वाजली तेव्हा त्याने दार उघडलं. निळे दोन, लाल एक!

मोठ्या पडद्यावर तोच गोल पुन्हा दाखवायला सुरुवात झाली होती. चकती निघाली, मी मान उंचावली, आणि पंचवीस वर्षं मासळीची खोकी उचललेल्या दोन हातांनी मला मिठी मारली. माझं नाक बुशशर्टाच्या खिशात गेलं. सुटलो तेव्हा पडद्यावर बर्गरची जाहिरात होती.

अजून चाळीस सेकंद बाकी होते. लोपीससाहेबांनी धोका पत्करला नाही. माझे खांदे धरून मला उलटं फिरवलं, पाठ मैदानाकडे, तोंड प्रेक्षकांकडे. ते चाळीस सेकंद मी मागच्या रांगांचे चेहरे बघितले. भुवया वर गेल्या, तोंडं उघडली, एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने आपल्याच नवऱ्याचा कान धरला, मग सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. काहीच झालं नव्हतं. काहीच न होणं इतकं थरारक असू शकतं, हे मला त्या चेहऱ्यांवरून कळलं. मग भोंगा वाजला.

लोपीससाहेब खाली बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, रायनची आई अशीच होती. तिला या खेळातलं काही कळायचं नाही, पण ती स्वयंपाकघरात गेली की गोल ठरलेला. ती गेल्यापासून असं बाहेर जाऊन उभं राहायला कोणी नव्हतं.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोयरीक पक्की म्हणून जाहीर केलं. आधी वसईला चर्चमध्ये, मग आमच्या पद्धतीने, दोन्ही साग्रसंगीत. तन्वी रडत होती, रायन तिला टिश्यू देत होता. लोपीससाहेबांना एकच काळजी होती: एवढे दोन-दोन सोहळे निर्विघ्न पार पडतील ना?

नेमक्या त्याच क्षणी स्टेडियममधलं संगीत बंद झालं, आणि मंगलचा आवाज, जो उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर होड्यांपर्यंत पोचतो, तो मागच्या सहा रांगांना स्वच्छ ऐकू गेला. त्यांत मराठी कुटुंबं किती होती, ते हशावरून समजलं.

"तन्वी झाली तेव्हाही हे बाहेर चहा पीत होते. लग्नातही ह्यांना उजव्या दाराबाहेर उभं करा, सगळं नीट होईल!"