काटेवाल्या आबांचे तळपाय

आमचे काटेवाले आबा कुणाला म्हणून पाया पडू द्यायचे नाहीत. नवरा-नवरी वाकले की हा माणूस पाय धोतरात ओढून घेई आणि वरून ओरडे, "लांबूनच! लांबूनच आशीर्वाद हाय!" आम्हाला वाटायचं, काय नम्र माणूस! डोंबलाची नम्रता. खरं कारण मला फार उशिरा कळलं.

आबा मेंढ्या राखायचे. आमचं गाव तेलगावच्या बाजूला, आणि रानात बांधाबांधाला बाभळी. काटा मोडला की माणूस दवाखान्यात जायचं नाही, आबांकडे जायचं. पटक्यात खोचलेली सुई काढून ते पाय मांडीवर घेत, काटा उकरत आणि त्या जागी तापलेल्या बिब्ब्याचा चटका देत. आपण कितीही बोंबललो तरी ढिम्म. वर पाठीत धपाटा घालून म्हणणार, "जा, पळ आता!" सत्तरीच्या म्हातारीलाही हेच.

गावातलं माणूस आबा तोंडापेक्षा तळव्यावरून जास्त ओळखत. "तुज्या टाचंत सराटा मोडलता बग," असं मला भरबाजारात सांगायचे. मला मेलीला लाज वाटायची.

माझ्या डाव्या टाचेला काळा ठिपका आला, तेव्हा मी काटाच धरून चालले. आबा मेंढ्या घेऊन लांब गेले होते, म्हणून माझा मीच बिब्बा लावला. एकदा, दोनदा. बिब्ब्यानं कातडी काळी पडतेच, त्यामुळं डाग काळा का, हा प्रश्नच पडला नाही. दुखतही नव्हता. आबा परतले तेव्हा मी हक्कानं पाय पुढं केला.

त्यांनी सुई काढली, डाग निरखला आणि सुई परत पटक्यात खोचली. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"ह्यो काटा न्हाई. बिब्ब्याचा डाग कातडीसंगं निघून जातो, ह्यो वाढायलाय. कड बग कशी वाकडीतिकडी हाय. हितं काळा, तितं तपकिरी. उद्या बीडला चल."

"कापूस वेचायचा हाय, आबा. लावा की बिब्बा! नखरे कावून करता?"

आबा भडकले. मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "दादाच्या टाचंला असाच डाग हुता. मी वरीसभर बिब्बा लावत बसलो. जांघंत गाठ आली तवा दवाखान्यात नेला. डाक्टर म्हनला, उशीर केला. माज्या हातानं गेला माजा भाऊ."

दुसऱ्या दिवशी कापूस तसाच बोंडात सोडून बीडला गेलो.

तिथून संभाजीनगरला पाठवलं. तुकडा तपासला, तर मेलॅनोमा निघाला, कातडीचा कॅन्सर. मी रडून दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपल्याकडं हा बऱ्याचदा तळव्याला नाहीतर नखाखाली येतो, आणि तिथं कुणी बघतच नाही. तुमचा अजून वरवर आहे. बरं झालं, लवकर आलात." टाचेवरचा डाग काढला, मांडीची कातडी लावली. आणखी कुठं काही पसरलं नव्हतं. ते कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसतही होते आणि रडतही होते. हुश्श! वाचले बाई.

गेल्या वर्षी आबा मेंढ्या विकून लेकीकडं सिरसाळ्याला राहायला निघाले. मी निरोपाला गेले आणि सवयीनं वाकले. या खेपेला पाय मागं गेले नाहीत.

"पाया पडू नगं. बग," आबा म्हणाले. "दादा गेल्यापून माजे तळवे मी सवता बगितले न्हाईत. कुणाला बगू बी दिले न्हाईत. एकाच रक्ताचे आमी. लई भ्या वाटतं."

साऱ्या गावाचे तळवे बघणारा माणूस, आणि ही भीती एकट्यानं जपून बसला होता! मला राग आला आणि मायाही आली. त्यांना दारात उजेडाला बसवलं, पाय मांडीवर घेतले, ओल्या फडक्यानं पुसले. टाचा बघितल्या, नखं बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या. उजव्या अंगठ्याखाली काळा ठिपका दिसला. बोटानं दाबलं, तर आबा केवढ्यानं ओरडले!

मी त्यांच्याच पटक्यातली सुई ओढली आणि हलकेच उकरलं. बाभळीचा काटा निघाला. अख्खा, टोकासकट. खालची कातडी स्वच्छ.

"काई न्हाई, आबा. काटा हाय निस्ता!"

आबांनी तो तळहातावर घेतला आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. मीही रडत होते. मग त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हटलं, "जा, पळा आता!"