तुटक्या कानाचे रोमन दिवे

कुंभाराच्या दारात मडक्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मडकी निदान विकली तरी जातात!

दुसरं महायुद्ध संपल्यावर एक हवालदार आमच्या रहिमतपूरच्या घरी आला. पिशवीतून त्यानं मुठीएवढा मातीचा दिवा काढला. त्याचा दोस्त मारुती याला तो इटलीत खंदक खणताना सापडला होता. मारुती तिकडंच कामी आला.

"रोमचा जुना दिवा हाय. मारुतीच्या आईला सांगलीला पोचवायचाय. त्याआधी आमा चौघा दोस्तांसाठी असलेच चार करा. हुबेहूब!"

माझा थोरला भाऊ, दादा, म्हणाला, "त्यात काय!"

*

दिवा वरून बंद. तेलाला मधे भोक, वातीला पुढं चोच. दादानं पहिला चाकावर केला, तो फुगून किटलीएवढा झाला.

वहिनीनं विचारलं, "किती कप चहा मावंल ह्यात?"

*

मग दादानं दोन साचे केले, वरचा आणि खालचा. शेजारची म्हातारी म्हणाली, "दिव्याला झाकाण कशापायी रं?"

"रोमचं उंदीर लय त्याल पित्यात, काकू."

दुसऱ्या दिवशी काकू हजर. "मला दोन कर. आमचं उंदीर बी तसलंच हाईत!"

*

जुन्या दिव्याचा कान, म्हणजे मागची धरायची कडी, अर्धा तुटलेला होता. दादानं चारी कच्च्या दिव्यांचे कान मापानं तोडले. हवालदार बघायला आला आणि ओरडला, "आवं, कान का मोडलं?"

"तुमीच म्हणाला, हुबेहूब!"

हवालदारानं कडक सलाम ठोकला. मग म्हणाला, "पलटणीत असता तर लय चढला असता गड्या!"

*

आमच्यात भट्टीच्या दिवशी फळीवर जे असेल त्याला गेरू लावून आत ठेवायचं, ही रीत. वहिनीनं फळी रिकामी केली. जुना दिवाही फळीवरच होता!

भट्टी उघडली. पाच दिवे, एकच रंग, पाचही कानतुटके. हवालदारानं पाचही उलटेपालटे करून पाहिले. "आता त्या माउलीला काय सांगू?"

पाचही दिवे घेऊन हवालदार, दादा आणि मी सांगलीला गेलो. हवालदारानं मान खाली घालून सांगितलं, "मावशी, ह्यातला एक मारुतीचा, बाकीचं आमा चौघा दोस्तांचं. कंचा, ते वळखंना."

मारुतीच्या आईनं एकेक दिवा हातात घेतला, पदरानं पुसला आणि देवळीत ओळीनं मांडला. पाचही.

"ऱ्हाऊ द्या हितंच. तुमी चौघं दोस्त आपापला बघाया येत जावा."

"पर आमचा कंचा," हवालदारानं विचारलं, "ते कसं कळायचं?"

"कळंस्तवर येत ऱ्हावा की!"