पाणी आणायला गेलेला मित्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मामेबहिणीच्या लग्नात मी ‘पाणी आणतो’ म्हणून भरल्या पंगतीतून उठलो आणि परत गेलो नाही. माझ्या शेजारी सोनकांबळे सर जेवत होते. त्यांना आग्रह करून मीच आणलं होतं.

लातूर नवा जिल्हा झाला होता. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला असावा. शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत सर इंग्रजी शिकवायचे, मी गणित. दोन वर्गांमध्ये पत्र्याची भिंत. खोलीही आमची एकच, आणि पिठलं रोज सरांच्या हातचं. ते फार सावकाश जेवायचे. मी चुळबुळ केली की म्हणायचे, “दात माझे हायेत, अप्पा, घाई तुमची.”

‘थ्रू थिक अँड थिन’ शिकवताना पत्र्यापलीकडून आवाज यायचा, “पुस्तकात लिवलंय, सुखदुःखात साथ देणे. ते पाठ करा, मार्कं पडतील. आता खरं ऐका. वरण घट्ट हाय तवर पंगतीत कुणीबी बसतंय. पातळ झालं तरी शेजारच्याचं जेवण होईस्तोवर जो उठत न्हाई, त्याला हे वाक्य लागू.”

लग्नात वरण पातळच होतं. मामा माझ्या कानाशी वाकले. “मन्मथ, हे मास्तर बौद्ध हायेत म्हनं. व्याही बघायलेत. तुझंबी लग्न जमवायचंय औंदा. ऊठ.”

“सर, पाणी आणतो,” मी म्हणालो.

“आना, अप्पा. सावकाश आना.”

मी पाण्याच्या टँकरमागे जाऊन उभा राहिलो. तिथून सगळं दिसत होतं. सरांच्या आजूबाजूचे लोक पानं सोडून उठले. बाकीच्यांची मात्र पंचाईत झाली. पाहुणा जेवत असताना पंगत उठवायची कशी? सरांनी वरण मागितलं. मग हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, मागितली. गव्हाचा एकेक दाणा चावून खाल्ला. दुसरी पंगत उन्हात ताटकळली, व्याही घामाघूम झाले.

शेवटी मामाच गेले. “मास्तर, झालं का?”

“व्हायलंय. दोस्त पाणी आनाय गेलाय. तो आला की उठतो.”

मला टँकरमागे हसू आलं. त्या हसण्याची लाज अजून जात नाही. बऱ्याच वेळानं सर तसेच, पाणी न पिता उठले आणि स्वतःची पत्रावळ स्वतः उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडे एका पोरानं विचारलं, “सर, तुमचा हाय का असा दोस्त?”

“हाय की. पाणी आनाय गेलाय.”

“आला न्हाई अजून?”

“यायलाय. दुष्काळ हाय बाबा, पाणी लांब.”

वर्ग हसला. पत्र्याच्या अलीकडे मी फळ्यावर सोपी बेरीज चुकलो. त्या रात्रीही पिठलं सरांनीच केलं आणि माझ्या ताटात आधी वाढलं. त्यावरून मला ते कधी एक शब्द बोलले नाहीत. पोरांना मात्र दरवर्षी हेच उदाहरण.

पुढे सरांची उमरीला बदली झाली, तिथेच ते वारले. पुण्यानुमोदनाला गेलो, तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, “काका, बाबांचा एक दोस्त पाणी आणायला गेलेला. बाबा लई हसायचे सांगताना. कोण हो ते?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

सरांना मी एक तांब्या पाणी देणं लागतो. आणि त्यांच्या मुलीला एक उत्तर.