चंद्रभानअण्णांनी नेमलेला झाडतज्ज्ञ

आमच्या झरी गावात कुणाला कामाला माणूस लावायचा असला की तो आधी चंद्रभानअण्णांचा सल्ला घेतो आणि मग बरोबर त्याच्या उलट वागतो. यातला दुसरा भाग अण्णांना ठाऊक नाही. "माणूस बघितला की मला कळतंय," असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणतात. मी त्यांचा शेजारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे. ती अण्णांनी पारखून आणलेल्या गवंड्यानं बांधली, म्हणून ती माझ्या अंगणात झुकलेली आहे.

बोअरची जागा दाखवायला अण्णांनी जो माणूस आणला, त्याचे कपडे पांढरेशुभ्र होते. एवढ्यावरच त्याची निवड झाली. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला आणि बोअरमधून दिवसभर नुसता धुरळा निघाला. न्हाणीघराच्या फरशीला त्यांनी जो कारागीर लावला तो काम करताना अजिबात बोलत नसे, म्हणून त्यांना तो जाणता वाटला. त्यांच्या न्हाणीतलं पाणी आता मोरीकडं न जाता स्वयंपाकघराकडं जातं. अण्णांच्या मते उतार बरोबर आहे, घरच तिरकं आहे. त्यांची बायको कस्तुराबाई आंघोळीला जाताना उंबऱ्याशी पोतं गुंडाळून ठेवते.

या सगळ्यावर मी वर्षानुवर्षं हसत आलो. कडुनिंबाच्या बाबतीत मात्र मला अजून हसू येत नाही.

अण्णांच्या अंगणात मोठा कडुनिंब होता आणि त्याच्या खाली पत्र्याची एक खोली. त्या खोलीत कस्तुराबाईचं शिलाई मशीन. आमच्या भागात उन्हाळा आणि लगीनसराई एकदमच येतात, आणि बायकांना ब्लाऊज लग्नाच्या आदल्या दिवशीच हवे असतात. चैत्र-वैशाखात भर दुपारी पत्र्याखाली बसून शिवणारी बाई झरीत एकटी कस्तुराबाई होती, आणि तिला ते जमायचं ते वरच्या कडुनिंबामुळं. मुलगी निकिता नर्सिंगला गेली ती या खोलीच्या बळावर. अण्णा मात्र लोकांना सांगत, "हिचा टाइमपास हाय."

माघात त्या झाडाची एक जाड फांदी वाळली. ती नेमकी खोलीवर आलेली. वारं सुटलं की करकरायची. कस्तुराबाईनं चारदा सांगितलं, तेव्हा अण्णा उठले आणि म्हणाले, "मी माणूस बघतो."

पहिला आला आश्रुबा. आमच्याच गावचा, साठीचा, आयुष्य झाडावर गेलेला माणूस. त्यानं कुऱ्हाड आणलीच नव्हती. आला, झाडाला दोन फेऱ्या मारल्या, बुंध्यावर मुठीनं ठोकून पाहिलं, बुडाची माती हातानं उकरली. मग प्रश्न विचारायला लागला. फांदी कधीपासून वाळली? आधी शेंडा वाळला की मधूनच? शेवटी म्हणाला, "अण्णा, ह्या अंगानं कवा खांदलं व्हतं का?"

खांदलं होतं. अण्णांनी दिवाळीनंतर पाइप टाकायला चर काढला होता आणि मनगटाएवढी मुळी आडवी आली म्हणून तोडली होती. मी बघितलं होतं. अण्णा म्हणाले, "त्याचा अन् याचा काय संबंध?"

"मुळी तोडली तर वरची फांदी वाळणारच की. झाड चांगलं हाय, फकस्त हेवढी फांदी काढू. दोरानं बांधून, तुकड्या-तुकड्यानं खाली सोडू, म्हंजी पत्र्याला लागायची न्हाई. आधी खालून कापायचं, मंग वरून, न्हाईतर साल सोलत बुडापस्तोर येती. तीन माणसं लागतेल, दोन दिवस. मजुरी द्या, लाकूड तुमचं तुमाला ऱ्हाऊ द्या."

तो गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "बघितलं का मास्तर? एका फांदीला तीन माणसं! अन् ज्याला सगळं आपल्यालाच इचारावं लागतंय, त्याला काय येत असंल?"

मी तिथंच बसून त्यांचा चहा पीत होतो. मुळीचं मला ठाऊक होतं. तरी मी नुसती बशी तोंडाला लावली. हेही लिहून ठेवतो, नाहीतर सगळा शहाणपणा माझ्याच पदरात पडायचा.

दुसरा आला पप्पू, देवगाव फाट्याचा. फाट्यावर त्याचा बोर्ड आहे, त्यावर हिरवं झाड, लाल कुऱ्हाड आणि मधे त्याचा स्वतःचा गॉगल लावलेला फोटो. मोटारसायकलवरून न उतरता त्यानं एकदा मान वर केली, अण्णांच्या हातात कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "काका, टेन्शनच घेऊ नका. दुपारपर्यंत मोकळं करून देतो. मजुरी नको, लाकूड माझं."

अण्णा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच परीक्षेत नापास झालो होतो. त्याला ना काही विचारावं लागलं, ना बुडाशी वाकावं लागलं. कार्ड होतं, लाकूड कापायचं मशीन होतं, आणि वर मजुरी नाही!

आमच्याकडची ही जुनी पद्धत, छाटणाऱ्यानं मजुरीऐवजी लाकूड न्यायचं. तिच्यावर आजवर कुणी डोकं चालवलेलं नाही. ज्या माणसाचं पोट लाकडावर, त्याला तुम्ही झाडाजवळ उभं करून सांगणार की बाबा, थोडंच काप! दुधाची राखण मांजराला दिली तर निदान मांजराजवळ कार्ड तरी नसतं.

ठरल्या दिवशी कस्तुराबाई अस्तराचं कापड आणायला सकाळच्या एसटीनं परभणीला गेली. नऊ वाजता पप्पू आला, ट्रॅक्टरला रिकामी ट्रॉली जोडून. एका वाळलेल्या फांदीसाठी ट्रॉली! मी भिंतीपाशी जाऊन म्हटलं, "अण्णा, ट्रॉली कशाला?" अण्णा म्हणाले, "तयारीनं आलाय गडी. त्याला म्हणतेत तज्ज्ञ."

तज्ज्ञाचा माणूस वर चढला, त्यानं फांदीला वरूनच मशीन लावलं. दोर कसला आणि बीर कसला. फांदी अर्धी कापली गेली, आपल्याच वजनानं मोडली, बुंध्याची हातभर रुंद साल सोलत खाली आली आणि पत्र्यावर बसली. दोन पत्रे आत दबले. अण्णा दोन पावलं मागं सरकले. पप्पूनं मात्र जरासुद्धा न हलता निदान केलं, "काका, आता झाडाचा तोल गेला. ह्या बाजूची निघाली, आता त्या बाजूची ठेवली तर झाड घरावर येतंय बघा."

आणि अण्णा, माणूस पारखणारे अण्णा, म्हणाले, "मंग काढा."

त्या बाजूची काढली. मग मधली एकटी पडली म्हणून तीही काढली. अडीच वाजता अंगणात एक खांब उभा होता, त्याला वर तीन खुंट. ट्रॉलीच्या दोन खेपा झाल्या. जाताना पप्पूनं पालापाचोळा तेवढा ठेवला, तो काही त्याला विकायचा नव्हता.

संध्याकाळी कस्तुराबाई स्टँडवरून चालत आली. मी ओट्यावर होतो. कापडाची पिशवी घेऊन ती स्वतःच्या घरावरून सरळ पुढं निघून गेली, दोन घरं. मग थांबली. मागं वळून बघत राहिली. तीस वर्षं ती झाड बघून घराकडं वळत होती. मला लाज वाटली.

अण्णांनी मात्र दारातच सुरुवात केली. "बघ, उजेड किती झाला! हवा खेळती झाली. आता वर सोलर बसवता येतंय." कस्तुराबाईनं पिशवी खाली ठेवली आणि बुंध्याच्या सोललेल्या भागावर हात ठेवला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. अण्णांना माझ्याकडून भाकरी गेली आणि ती त्यांनी चवीनं खाल्ली.

चैत्र लागला. त्या खोलीत सकाळी दहाला मशीनच्या चाकाला हात लावता येईना. अस्तर घामानं हाताला चिकटायचं. तरी ती बसायची, कारण कापडं घेतलेली होती, तारखा दिलेल्या होत्या. पाचव्या दिवशी ती मशीनवरच कलंडली आणि तिला सलाईन लावावं लागलं. अण्णा दवाखान्यात डॉक्टर पारखत बसले.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते आश्रुबाला बोलावण्याचं. अण्णांना विचारलं नाही. आश्रुबानं सोललेल्या सालीच्या कडा विळ्यानं नीट केल्या, बुडाला पाल्याचं आच्छादन घातलं, पाण्याचं आळं केलं. खुंटांवर चार-दोन कोंब फुटायला लागले होते. तो म्हणाला, "वैनी, औंदा ह्यातलं काही तोडू नका. झाड जगतंय. पुढच्या साली मी येऊन कंचं ठेवायचं ते सांगतो."

"भाऊ, खोलीवर सावली कवा येईल?"

आश्रुबानं वर बघितलं, खाली बघितलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "धा-बारा वरसं तरी लागतेल."

"तवर माझ्या डोळ्याला सुईत दोरा ओवता येतंय का," कस्तुराबाई म्हणाली. रडली नाही. पदरानं हात पुसले, आत गेली, आणि पुढच्या खोलीतली अण्णांची कॉट दाराबाहेर ओढायला लागली.

मी आणि आश्रुबानं हात लावला. कूलर असलेली ती घरातली एकुलती एक खोली. तिथं मशीन मांडलं, कात्री, फीत, कापडांचे गठ्ठे, सगळं. अण्णा आले तेव्हा आत तीन बायका मापं द्यायला बसल्या होत्या. ते म्हणाले, "अगं, मी कुठं बसू?"

"पत्र्याच्या खोलीत. तुमीच म्हणला, हवा खेळती झालीया."

तेव्हापासून अण्णा दुपारी दबलेल्या पत्र्याखाली, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन असतात. परवा गल्लीतला भागवत आला. त्याच्या दारची चिंच तारांत शिरलीय. त्यानं पद्धतीप्रमाणं अण्णांना विचारलं, "छाटायला माणूस कोण बघावा?"

अण्णांनी घाम पुसला आणि सावरून बसले. "हे बग भागवत, माणूस वळखायचा म्हंजी..."

"आश्रुबाला बोलवा," पुढच्या खोलीतून आवाज आला. मशीन थांबलं नव्हतं. "अन् त्यो इचारंल त्याचं खरं-खरं उत्तर द्या."

भागवत तसाच उठून आश्रुबाच्या घराकडं गेला. मग अण्णांना भिंतीपलीकडं मी दिसलो, तसे मला म्हणाले, "मीबी तेच सांगणार व्हतो, मास्तर."