पार्किंगमधलं उंबराचं पाणी

ऑफिसातून रिटायर झाल्यावर बायका योगा लावतात, नाहीतर भजनी मंडळात नाव घालतात. मला दोन्हीचा कंटाळा, म्हणून मी ख्रिस्ती ईशज्ञानात, म्हणजे थिऑलॉजीत, एम.ए. करायला घेतलं. इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीत ही बातमी लिफ्टने वरखाली फिरली. समोरच्या गुजराती भाभींनी दार अर्धंच उघडून विचारलं, "आंटी, अब आप नन बनोगे? फिर अंकल का क्या?" अंकलनाही तीच काळजी होती. पहिल्या शनिवारी मी पिशवीत वह्या भरून निघाले तेव्हा यांनी गंभीर चेहरा करून विचारलं, "संध्याकाळी आलीस की तुला चहा द्यायचा की तुझ्या पाया पडायचं?" मी म्हटलं, दोन्ही, आणि चहात साखर कमी.

वर्गात बहुतेक ब्रदर, म्हणजे पुढे फादर होणारी मुलं, माझ्या भाच्यांच्या वयाची. बाई मी एकटीच. आणि प्रश्न विचारायला न घाबरणारीही मी एकटीच, कारण नापास झाले तर मला घरी पाठवण्याची धमकी कोण देणार? मी घरूनच येत होते.

साक्रामेंतांचा, म्हणजे बाप्तिस्मा-लग्नासारख्या संस्कारांचा, विषय शिकवणारे फादर कडक इस्त्रीचे. शर्टही आणि चेहराही. बोलायचे इंग्रजीत, आणि मराठीत आलेच तर छापील पुस्तकासारखे. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "पाणी म्हणजे पाणी." बाप्तिस्म्याला नदीचं चालतं, नळाचं चालतं, टँकरचंही चालतं, देवाची कृपा पाण्याचा पत्ता विचारत नाही, असं ते सांगायचे. एकदा मी हात वर केला. "फादर, आशीर्वाद दिलेलं पाणी संपत आलं आणि त्यात कुणी नळाचं मिसळलं तर?"

वर्ग हसला. फादर हसले नाहीत. म्हणाले, "चालतं. मात्र जुन्या नियमाप्रमाणे, मिसळलेलं पाणी उरलेल्या पाण्यापेक्षा कमी असावं."

हा प्रश्न माझा नव्हता, आत्याचा होता. राई गावाच्या पुढे, खाडीकडे माझं माहेर आहे आणि तिथे अजून माझ्या आत्याचं राज्य चालतं. तिच्याकडे क्रूसाखालच्या फळीवर मारियामातेच्या आकाराची एक प्लॅस्टिकची बाटली आहे, निळ्या मुकुटाचं झाकण असलेली. कुठल्याशा जुन्या फादरांनी कधीकाळी त्यातलं पाणी आशीर्वादित करून दिलं होतं. तळाशी चमचाभर राहिलं की आत्या बाटली नळाखाली धरते आणि गळ्यापर्यंत भरते. मी तिला नियम सांगितला. ती म्हणाली, "द्येव काय चमचा घेऊन बसलाय मापायला?"

मग प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. मी लिहून दिलं, 'उंबराचं पाणी'. आमच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, विहिरीला पान-सुपारी द्यायची, उंबराची डहाळी घालून घडा भरायचा आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. ती झाली की मग चर्च, अंगठ्या आणि केक. फादरांनी कागद वाचला आणि दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. "यात थिऑलॉजी कुठे आहे?" त्याऐवजी त्यांनी एका जर्मन पंडिताचं नाव सुचवलं. ते उच्चारताना मला तोंडात सुपारी धरल्यासारखं झालं.

मला त्या जर्मनाशी काही घेणं नव्हतं. मला माहेरची विहीर हवी होती. माझी आई त्याच गावची; तिला त्या विहिरीचं पाणी घातलं होतं, मलाही घातलं. आई गेली आणि पाठोपाठ विहिरीच्या जमिनीवर सात मजली बिल्डिंग आली. विहिरीवर स्लॅब पडला, मध्ये एक लोखंडी झाकण राहिलं, आणि विहिरीचं पार्किंग झालं. तिच्याबद्दल कुठेतरी काहीतरी लिहिलेलं राहावं, एवढ्याचसाठी मी ती डिग्री रेटत होते. तो विषय नाकारला असता तर मी शिक्षण सोडून सरळ योगाला गेले असते. तसं फादरांना सांगायची सोय नव्हती. मी फक्त म्हटलं, "शनिवारी माझ्या भाचीचं उंबराचं पाणी आहे. येऊन शोधा थिऑलॉजी. नाही सापडली तर मी जर्मन."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले, आणि इस्त्रीतच आले.

संध्याकाळी बँडसकट आमची वरात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरली. बघतो तर झाकणावर पांढरी मोठी गाडी उभी. वॉचमन म्हणाला, "सेक्रेटरीसाब की है. साब सो रहे हैं." पुरुषांची कुजबुज सुरू झाली. फादर माझ्या कानाशी येऊन अगदी प्रेमाने म्हणाले, "तिकडे नळ आहे. पाणी म्हणजे पाणी." जर्मन पंडित माझ्या दिशेने चालत येताना मला स्पष्ट दिसला.

आत्याने बँडवाल्यांना बोट दाखवलं. "वाजवा. तो खाली येईस्तोवर वाजवा."

स्लॅबखाली बँड कसा घुमतो हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. दुसरं गाणं संपायच्या आत सेक्रेटरीसाहेब बर्म्युडावर धावत खाली आले, हात जोडले, गाडी काढली आणि मग स्वतःच मोबाईलवर शूटिंग करत उभे राहिले.

झाकण उघडलं. वहिनीने, म्हणजे नवरीच्या आईने, पान-सुपारी आत सोडली. माझ्या भावाने दोरीला बांधलेला घडा खाली सोडला आणि वर ओढला. पाणी काळं होतं. वर तेलाचे रंग फिरत होते आणि वास असा की बँडवाला दोन पावलं मागे सरला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे पोरीच्या अंगावर घालायचं?" मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. आईची विहीर गटार झालेली बघायला मी फादरांना बोलावून आणलं होतं.

फादरांनी रुमाल नाकाला लावला. 'पाणी म्हणजे पाणी' म्हणायची हीच वेळ होती, पण रुमाल काही खाली आला नाही.

आत्या मात्र मुळीच गडबडली नाही. "रडतेस काय? तो नळ हाय ना? बादली भर." वहिनीने बादली काठोकाठ भरून आणली. आत्याने उंबराच्या डहाळीचं एक पान घड्यात बुडवलं, झटकलं, परत झटकलं, आणि टोकाला उरलेला एक थेंब बादलीत पडू दिला. मग बादलीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "झाली इहीर. चला."

बायकांनी गाणं धरलं, बँड सुरू झाला, बादली नवरीच्या मावशीच्या डोक्यावर चढली. माझा जीव आता भांड्यात पडला होता, आणि तो पडला की माझ्या अंगात खोडी येते. मी फादरांकडे वळले.

"फादर, मिसळलेलं पाणी उरलेल्यापेक्षा कमी हवं ना? इथे एक थेंब आणि एक बादली. नियमाप्रमाणे कसं?"

फादरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्या उघड्या विहिरीत एकदा वाकून पाहिलं. मग ते बायकांच्या मागून चालू लागले, आणि मी त्यांच्या मागून, जर्मन शिकायच्या तयारीने. घरी नवरीला आंघोळ घालून झाल्यावर आत्याने उरलेलं पाणी डहाळीने सगळ्यांवर शिंपडलं. फादरांच्या चष्म्यावर दोन थेंब पडले. त्यांनी ते पुसले नाहीत. जेवले, वड्यांवर दोनदा मटणाचा रस्सा घेतला, आणि निघताना मला फाटकाशी बोलावलं.

"विषय मंजूर. फक्त पाण्याच्या प्रमाणाबद्दल कुठे लिहू नका."

"का फादर?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकत नाही अशी खात्री करून घेतली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून छापील नसलेली मराठी बाहेर पडली.

"माझी आय अजून जिती हाय. आमच्या घरची आशीर्वादाच्या पाण्याची बाटली पण ती तशीच नळाखाली भरते. तिला कळता कामा न्हाय, की मी वर्गात काय शिकवतो."