जिल्हा लातूर, पहिली पसंती भूलशास्त्र

"डॉक्टरसाब, आपका घर कहीं चला गया क्या?"

आमच्या पलटणीचे हेड क्लार्क सुभेदार नेगी माझा फॉर्म हातात धरून दारात उभे होते. मी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या छोट्या दवाखान्यात, एका जवानाच्या टाचेतला बाभळीचा काटा काढत होतो. राजस्थानातलं ऊन, तंबूची भट्टी झालेली, आणि त्यात हा प्रश्न. मी म्हटलं, "घर कुठं जाणार? रेणापूरला आहे. होतं तिथंच आहे."

"मग हे बघा." त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले. (आमचं बोलणं हिंदीत चालायचं, मी इथं बरंचसं मराठीत सांगतोय.) एक माझी सर्व्हिसची नोंद. मी फौजेत आलो तेव्हाची. त्यात लिहिलेलं, गाव रेणापूर, जिल्हा उस्मानाबाद. दुसरा माझा ताजा फॉर्म. त्यात माझ्याच अक्षरात, गाव रेणापूर, जिल्हा लातूर. आणि 'लातूर' मी जरा मोठ्या अक्षरात, ठसठशीत लिहिलेलं.

आता हा फॉर्म कसला ते सांगतो. फौजेतला एमबीबीएस डॉक्टर पलटणीबरोबर हिंडतो. ताप, जुलाब, विंचू, पायाचे फोड, हेच त्याचं जग. पुढं शिकून स्पेशालिस्ट व्हायचं तर फौजच शिकवते. पगार चालू राहतो, पुण्यात राहायचं, शिकायचं, आणि मग बाँड, म्हणजे ठरलेली वर्षं फौज पाठवील तिथं नोकरी. सौदा चांगला. पण जागा थोड्या आणि वयाची अट कडक. त्या वर्षी अर्ज गेला नाही तर माझं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे आयुष्यभर टाचेतले काटे.

अर्ज थेट दिल्लीला टाकता येत नाही. आधी सीओ, म्हणजे पलटणीचे कर्नलसाहेब, सही करतात. मग ब्रिगेड, मग त्याच्या वर, मग आणखी वर. आमची डाक ब्रिगेडला फक्त गुरुवारी जायची. शेवटची तारीख धरली तर मला पुढचा नव्हे, त्याच्या पुढचा गुरुवार गाठायचा होता.

नेगीसाहेब समजुतीनं म्हणाले, "साब, एक रेघ मारा. उस्मानाबाद लिहा. बाजूला छोटी सही करा. काम खतम."

झालं असतं हो काम एका मिनिटात. पण माझं डोकं फिरलं. आमचा जिल्हा नवा झाला होता. रेणापुरात पेढे वाटले होते. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तर दुकानाची पाटी उतरवून नवी रंगवून घेतली होती, खाली 'जि. लातूर' लाल रंगात. पूर्वी एका शिक्क्यासाठी दिवस मोडून उस्मानाबादला जावं लागायचं. हे सगळं मी सुभेदारांना काटा काढता काढता ऐकवलं. शेवटी म्हणालो, "मी लातूरचा आहे. उस्मानाबाद लिहिणार नाही."

ते शांतपणे म्हणाले, "मग पुरावा आणा, साब. फौजेत घर बदललं तर पुरावा लागतो."

"घर नाही बदललं! जिल्हा बदलला!"

"त्याचाच पुरावा."

मी तिरीमिरीत पोस्टात गेलो आणि आप्पांना तार ठोकली. 'लातूर जिल्ह्याचा पुरावा तातडीने पाठवा.' तार लिहिताना आपण केवढा मोठा गाढवपणा करतोय हे लक्षात आलं नाही. आमच्याकडं तार म्हणजे एक तर कुणी गेलं, नाही तर जायच्या वाटेवर आहे.

एक आठवडा गेला. पुराव्याचा पत्ता नाही. पोस्टातला बाबू मला बघितलं की लांबूनच मान हलवायचा. माझा ताठा रोज थोडा थोडा उतरत होता. मंगळवारी रात्री मनाशी ठरवून टाकलं, बुधवारपर्यंत काही आलं नाही तर मुकाट्यानं रेघ मारायची. आणि बुधवारी सकाळी गेटवरच्या शिपायाचा फोन आला, "साब, आपसे मिलने कोई बुजुर्ग आए हैं. कहते हैं पुरावा लाए हैं."

मी धावतच गेलो. गेटवर आप्पा. पांढरं धोतर धुळीनं पिवळं झालेलं, डोक्याला पटका, काखेत कापडी पिशवी.

"आप्पा, तुम्ही?"

"तार कशापायी केलीस रं? तुझी आई तार बघून जे रडायला लागली! वाचून दाखवलं तरी थांबंना. म्हणली, तुमीच जाऊन बघून या."

"अहो, पोस्टानं पाठवायचं होतं."

"आन् हरवलं म्हणजे? मूळ कागद हाईत."

त्यांना खोलीवर आणलं. आम्ही लिंगायत, आप्पा अंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. दोन दिवसांच्या प्रवासात त्यांनी हा नेम कसा सांभाळला ते त्यांनाच ठाऊक. माझ्या सहायकानं बादलीभर पाणी आणून ठेवलं. आप्पा बाहेर आले तेव्हा बादली अर्धी भरलेली होती.

"अजून लागलं तर आहे की," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. एवढ्यात आपल्या घरचा दिस निघतो. दोन साल झाले, पाऊस न्हाई. टँकर यील तवा पाणी. तुमच्याकडं बी दुष्काळच दिसतोय." मग त्यांनी पिशवी उघडली. दुकानाचं नवं लायसन, रेशन कार्ड, जमिनीच्या साऱ्याची पावती, आणि जिल्हा झाला त्या दिवसाचं वर्तमानपत्र, घडीवर घडी घातलेलं. "ह्याच्यापेक्षा जास्तीचा पुरावा सरकारकडं बी नसल," ते म्हणाले.

मी त्यांना हेड क्लार्कच्या ऑफिसात नेलं. नेगींनी उठून खुर्ची दिली. चहा मागवला. एकेक कागद डोळ्यांजवळ धरून बघितला. मराठी येत नव्हती, पण लिपी वाचता येत होती. लायसनवर बोट ठेवून त्यांनी 'लातूर' वाचलं आणि मान डोलावली. मला हायसं वाटलं. पण आप्पांची नजर माझ्या फॉर्मवर होती.

"हेच्यात काय लिहिलंय? हा काय शिकनार हाय?" त्यांनी त्यांच्या दखनी हिंदीत विचारलं, "साब, ये कौनसा डाक्टर बनता बोलके लिखा?"

मी काही बोलायच्या आत नेगींनी वाचलं. "पहिली पसंती, अनेस्थिसिया. मतलब बाबूजी, ऑपरेशन के पहले बेहोश करनेवाला."

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. उठून बाहेर चालू लागले. 

बाहेर कडुलिंबाखाली आल्यावर तोंड उघडलं. "भूल देनारा? शिवराज, अरे गावात समद्यास्नी सांगून बसलोय, पोरगं ऑपरेशन करनार म्हणून. आता काय सांगू? लोकास्नी झोपवायच्या कामाला लागलं म्हणू?"

"आप्पा, तसं नाही."

"मग कसं? चाकू धरायचा सोडून रुमाल धरनार व्हय रं तू?"

रागानं मलाही बोलायचं होतं, पण ते दोन दिवस रेल्वेत कधी उभं राहून, कधी बसून आलेले. मी आवाज खाली आणला. "आप्पा, महादेवीच्या वेळी बाहेर बाकड्यावर तुम्हीच बसला होतात ना?"

महादेवी म्हणजे माझी आतेबहीण. त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी सुट्टीवर गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तिचे दिवस भरले, कळा सुरू झाल्या आणि मूल अडलं. आम्ही तिच्या वाडीवरच होतो, तिथं गाडी कुठली? पाणी ओतून रिकामा झालेला टँकर लातूरला परत निघाला होता. त्याच्या ड्रायव्हरनं तिला केबिनमध्ये बसवून आणलं. मी आणि आप्पा मागं पाण्याच्या टाकीला धरून उभे. लातुरात एका छोट्या खासगी दवाखान्यात सर्जन होते, नर्स होती, ऑपरेशनचं टेबल तयार होतं. पण भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनसाठी उदगीरला गेलेले. भर दुपारी आम्ही नुसते बसून राहिलो. महादेवी आत ओरडत होती. बाळाचे ठोके मंदावत होते.

शेवटी सर्जन बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुम्ही फौजेतले डॉक्टर ना? इथर देणार?"

इथरची पद्धत जुनी. तारेचा मुखवटा, त्यावर गॉझचं कापड, आणि कापडावर बाटलीतून थेंब थेंब औषध. कमी पडलं तर पेशंट चाकूखाली हलतो. जास्त झालं तर श्वास थांबतो. मी कॉलेजात हे दोनदा पाहिलं होतं. केलं कधीच नव्हतं. तरी मी उभा राहिलो, कारण दुसरं कुणी नव्हतं. एक हात तिच्या हनुवटीखाली, एका हातात बाटली. पोटाकडं मी बघितलंच नाही. फक्त तिची छाती वर-खाली होते का ते बघत होतो. बाळ रडलं तेव्हाही मी मान वळवली नाही. दोघं जगली. पण मी शिकून नाही, नशिबानं तरलो, हे मला पक्कं माहीत होतं.

आता कडुलिंबाखाली मी आप्पांना एवढंच विचारलं, "सर्जन होते, नर्स होती, सगळं होतं. मग आपण कुणाची वाट बघत बसलो होतो?"

आप्पांनी पटक्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "तू भाईर आलास तवा तुजा शर्ट पिळला असता तर तांब्याभर पानी निघालं असतं. दुष्काळात! मी तवाच वळखलं, पोरगं लई भ्यालंय. समद्यास्नी वाटलं तू हुशार. मला ठावं व्हतं, तुला ते येत न्हवतं."

"नव्हतंच येत, आप्पा."

"मग शिकून घे. न येनारं काम पुन्यांदा करू नगंस. लिही भूल. मी बघतो गावाचं."

 आमच्या घरात बापाच्या गळ्यात पडायची रीत नाही. मी त्यांची पिशवी उचलली आणि पुढं चालू लागलो.

कर्नलसाहेबांना कळलं की डॉक्टरचे वडील मराठवाड्यातून पुरावा घेऊन आलेत. त्यांनी बोलावणं पाठवलं. आप्पांनी आत जाऊन हात जोडले आणि आमचा लिंगायतांचा नमस्कार केला, "शरणार्थ, साब." कर्नल पंजाबी, त्यांना शब्द कळला नाही, पण त्यांनीही उभं राहून हात जोडले.

"बाबूजी, मामला क्या है?"

आप्पा म्हणाले, "साब, मामला कुछ नई. गाँव वैच है, घर वैच है, मैं बी वैच हूँ. खाली जिल्हा चलके आया हमारे नजदीक."

कर्नलसाहेब खो खो हसले. मग नेगींकडं वळले. "नेगीसाब, यावर उपाय काय?"

"सर, दोन्ही लिहायचं. लातूर, पूर्वीचा उस्मानाबाद. खाली आपली सही, सोबत लायसनची नक्कल."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही केलं?"

नेगींचा चेहरा मख्ख. "सर, मी उपाय सांगायच्या आधी डॉक्टरसाहेबांनी मला जिल्ह्याचा इतिहास सांगितला. अर्धा तास."

माझे कान तापले. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "असंच हाय हे. ल्हानपनापासून." गुरुवारी सकाळी डाकेच्या गाडीतून फॉर्म गेला. त्याच गाडीतून आप्पाही स्टेशनला गेले, ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसून.

पुढं दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडं तिघं होते. मी रेल्वेत जिल्ह्याबद्दलचं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. न जाणो, विचारलंच तर! मधले ब्रिगेडिअर स्वतः भूलतज्ज्ञ. त्यांनी फॉर्म उघडला आणि थेट खालच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"अनेस्थिसिया, पहिली पसंती? इथं येणारे सगळे सर्जरी लिहितात. हे तिसऱ्या नंबरवर असतं, रकाना भरायचा म्हणून. तुमची चूक तर नाही झाली?"

"नाही सर."

"मग का?"

मी महादेवीची हकीकत सांगितली. टँकरसकट. त्यांनी विचारलं, "मिनिटाला किती थेंब टाकत होतात?"

"मोजले नाहीत सर. तिचे श्वास मोजत होतो."

"घाबरला होतात?"

"खूप, सर."

त्यांनी शेजारच्यांकडं बघितलं. फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढचा उमेदवार पाठवा." बाहेर आलो तेव्हा वाटलं, गेलं. घाबरलो म्हणून कबूल करायला नको होतं.

महिन्याभरानं निकालाचा संदेश आला. जागा मिळाली होती, भूलशास्त्राचीच. नेगींनी तो कागद स्वतः आणून दिला आणि कडक सॅल्यूट ठोकला. त्या दिवशी सगळ्या पलटणीला माझ्याकडून जिलेबी.

पुण्याला शिकलो, बाँडची वर्षं पुरी केली, काश्मीरपासून आसामपर्यंत लोकांना झोपवलं आणि न चुकता उठवलं. आता निवृत्तीनंतर नांदेडला असतो. फौजेकडून शिकू पाहणारी लोहा, धर्माबादकडची मुलं-मुली अधूनमधून फॉर्म घेऊन येतात. मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. नाव, गाव, जिल्हा जुन्या कागदात असेल तसंच उतरवा, तिथं अभिमान दाखवायला जाऊ नका, तो रकाना मुलाखतीत कुणीच वाचत नाही. पसंतीचा रकाना मात्र कुणाला विचारून भरू नका. तो सगळे वाचतात, आणि त्याचं उत्तर तोंडी द्यावं लागतं.