लाटणं घेऊन या
सुचेता दाबके दिवसभर लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत आणि उरलेल्या वेळात मराठी महिला मंडळ चालवत. कार्यक्रमात एखादी पाहुणी पाणी घ्यायला नुसती उठली, तरी सुचेताबाई कुठूनशा प्रगट होत. "अगं, तू बस! आम्ही आहोत ना!" या पाहुणचाराचा त्यांना कोण अभिमान!

पण २००६ साली मंडळाला घरघर लागली होती. जुन्या बायका कुणी लेकीकडे लंडनला गेल्या, कुणी गुडघे धरून घरी बसल्या. गावात पुण्या-नागपूरहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या बायका मात्र वाढत होत्या. त्या आल्या नाहीत, तर दिवाळीनंतर मंडळ बंद करायचं ठरलं. याच मंडळाने सुचेताबाईंना या परक्या गावात पहिली मैत्रीण दिली होती.

नव्यांना ओढायला त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू दणक्यात केलं. हॉल सजवला, बटाटेवडे तळले, वाण म्हणून स्टीलचे डबे लुटले. नव्या झाडून सगळ्या आल्या, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या, खाऊन गेल्या. पुढच्या सभेला त्यातली एकही फिरकली नाही.

"आई, पार्टी मस्त होता," युनिव्हर्सिटीत शिकणारी लेक ईशिता म्हणाली. "पण you know, तुम्ही सगळे किचनमध्येच होते. त्यांना कोणी भेटलाच नाही."

सुचेताबाई भडकल्या. पोरीला पार्टी होता की होती ते कळत नाही, आणि निघाली मला शिकवायला! पण भांडी घासता घासता राग उतरला. पोरगी व्याकरणात चुकली होती, बाकी बरोबर होती. आपण त्यांना 'बस, बस' म्हणत राहिलो आणि त्या पाहुण्याच राहिल्या. सुचेताबाई स्वतः मंडळात पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्याच पहिल्या मैत्रिणीनं, यमुनाताईंनी, त्यांच्यापुढे कांद्यांचा ढीग ओतला होता. दोघींनी नाकं पुसत कांदे चिरले आणि जाताना एकमेकींचे फोन नंबर घेतले होते.

दिवाळीआधी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात चिठ्ठी लागली: 'करंज्या करायच्यात. लाटणं घेऊन या.'

"अगं सुचेता, पाहुण्यांना कामाला जुंपणार?" यमुनाताई हबकल्या. "लोक काय म्हणतील?"

"ताई, तुम्ही मला जुंपलंत तेव्हा कोण काय म्हणालं?"

करंज्यांच्या दिवशी नव्या लाटणी घेऊन आल्या, आणि सुचेताबाईंनी एकाही जुनीला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. प्रत्येक टेबलावर एक जुनी, बाकी नव्या. एकीनं पारी लाटायची, दुसरीनं सारण भरायचं, तिसरीनं मुरड घालायची. जोडीनं आलेल्या मैत्रिणींना मुद्दाम वेगळं बसवलं. आधी नुसती लाटण्यांची खडखड. मग कुणाची करंजी फुटली, कुणी हसलं, आणि हॉलमध्ये असा कलकलाट सुरू झाला की कुणाचंच कुणाला ऐकू येईना.

तेवढ्यात नागपूरची वैभवी यमुनाताईंच्या सारणावर घसरली. "ताई, यात रवा नाही? नुसतं खोबरं दाताखाली चोथ्यासारखं लागतं!"

"माझ्या सारणाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही," यमुनाताई तांबड्यालाल झाल्या. "सुचेता, सांग हिला!"

सुचेताबाई हाताला पीठ तसंच ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. संक्रांतीला प्रत्येक नवी 'खूप छान झालंय हं काकू' म्हणून गेली होती आणि परत आली नव्हती. ही भांडत होती.

"पुढच्या वर्षी सारण मी करणार," वैभवीनं लाटणं आपटलं. "मग बघा!"

"काय म्हणालीस?" सुचेताबाईंनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

वैभवी जरा वरमली. "पुढच्या वर्षी, काकू. का? चालणार नाही?"

सुचेताबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. यमुनाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वैभवीकडे, आणि सारणाचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं.

"पुढच्या वर्षी कशाला? आत्ताच भाज की रवा."